गुण कशाला द्यायचे?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी "व्हिडिओ गेम" असं कळवलं. ग्रुपवर लगेच हसण्याचे चेहरे आले. एकीनं लिहिलं, "काय गं बाप्पा, पोट्टे आधीच मोबाइल सोडत नाहीत, अन् तू अजून शिकव त्यांना." तिचा राग मला पटतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली, ती काही उगाच नाही. रमीच्या नादात जमीन विकायची वेळ आली अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. पण माणूस तिथे अडकतो कसा, हेही पाहायला हवं. कधी जिंकवायचं, किती वेळा हरवायचं, अगदी थोडक्यात हुकलं असं कधी वाटू द्यायचं, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. तेच कसब दुसऱ्या कामालाही लावता येतं. मी बोलणार आहे ते त्याबद्दल.

मी इंजिनिअर झाले, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. गेली काही वर्षं आमचं काम कारखान्यातल्या कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. एका कारखान्यात कामगार आमचे व्हिडिओ चालू करून चहाला जायचे आणि परत येऊन "पुढे, पुढे" दाबत प्रमाणपत्र घ्यायचे. त्यांचं काय चुकलं? प्रमाणपत्र व्हिडिओ संपवण्याचं होतं, ते त्यांनी संपवलं. तेव्हा ठरवलं की हा विषय नीट शिकायचा. चाळिशी ओलांडल्यावर वर्षभर रविवारचे वर्ग केले. वर्गात बाकीची मुलं माझ्या भाच्याच्या वयाची.

पहिले दोन महिने कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पुठ्ठा, फासे, बटणं, कात्री. खेळ आधी कागदावर करायचा, चार जणांना खेळायला बसवायचं, आणि आपण मागे तोंड मिटून उभं राहायचं. समजावून सांगायचं नाही, सुचवायचं नाही. सर, तुम्ही परीक्षेला पर्यवेक्षक असायचात तसंच. फक्त इथे पळवाट शोधणाऱ्या मुलाला बाहेर काढायचं नाही, त्याची वही जपून ठेवायची. नियमाला भोक कुठे आहे ते तोच दाखवतो. आपण कंचे खेळताना, डब्बा ऐसपैस खेळताना हेच करत नव्हतो का? भांडण झालं की नियम बदलायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवा नियम सगळ्यांना लागू.

खेळाचा मनोरंजनापलीकडे उपयोग, हे काही अमेरिकेतून आलेलं खूळ नाही. आपली सापशिडी मोक्षपटातून आली. तो पट महाराष्ट्रात परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. कुणी केला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ते असो. त्यात सापांना काम, क्रोध, मत्सर अशी नावं, शिड्यांना दया, भक्ती अशी. कवड्या टाकत वैकुंठापर्यंत जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला, आणि हळूहळू नावं गळून नुसते साप उरले. पट तोच, पण खेळणाऱ्याला सांगायचं काही राहिलं नाही.

आता आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपला शेजारचा वरुड. २०१७ मध्ये तीस तालुके झाले आणि पहिलं पन्नास लाखांचं बक्षीस आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं मिळवलं. कोलामांचं छोटंसं गाव. मी त्याकडे गेम डिझायनर म्हणून पाहते तेव्हा थक्क होते. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस, ठरलेली सुरुवात, ठरलेला शेवट, श्रमदानाला गुण, कामाला गुण, समोर दुसरी गावं. पाणलोटाची कामं सरकारी योजनांत कितीतरी वर्षं होतच होती. लोक पहाटे कुदळ-फावडं घेऊन निघाले ते या नियमांमुळे, असं माझं मत आहे. आमीर खानचं नाव होतं म्हणून, असं कुणी म्हणेल. नावानं लोक सभेला येतात. दीड महिना खणत नाहीत.

पण गुण खणण्याला असले की माणसं खणतात. साठलेलं पाणी पुढे कोण किती उपसतो, हा प्रश्न पंचेचाळीस दिवसांत येत नाही. आपल्याला हे सांगायला नको. वरुडकडे संत्र्यासाठी बोअर किती खोल गेल्या ते आपण पाहतो, आणि डार्क झोन हा इंग्रजी शब्द तिथल्या शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही येतो. स्पर्धा चालवणाऱ्यांनाही हे दिसलं असावं. २०१९ नंतर वॉटर कप थांबला आणि २०२० मध्ये 'समृद्ध गाव' स्पर्धा आली. ती दीड वर्षाची, आणि तिच्यात पाण्याचा ताळेबंद, माती, गवत, झाडं यांनाही गुण. माझ्या धंद्यात याला खेळाची दुसरी आवृत्ती म्हणतात.

उपशाच्या प्रश्नावर थेट एक खेळ आंध्र प्रदेशात झाला आहे. पाच शेतकरी बसतात. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं मिळून एक. दरवर्षी प्रत्येकानं गुपचूप पीक निवडायचं: कमी पाण्याचं, कमी पैशांचं; किंवा जास्त पाण्याचं, जास्त पैशांचं. पावसानं थोडं पाणी भरतं. पहिल्या डावात बोलायला बंदी, दुसऱ्यात आपसात बोलायची मुभा. खेळानंतर सगळ्या गावानं बसून चर्चा करायची. संशोधकांनी नंतर तुलना केली, तेव्हा खेळ झालेल्या गावांत पाण्याचे नियम करण्याचं प्रमाण जास्त आढळलं. इथे स्क्रीन नाही, आवाज नाही. तरी ज्याला विहीर कोरडी पडण्याचा अनुभव दहा मिनिटांत आला, तो भाषण ऐकलेल्या माणसापेक्षा वेगळा बोलतो.

औषधातही हे आलं आहे. एकाग्रतेची अडचण असणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या एका व्हिडिओ गेमला अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये मान्यता दिली. फोल्डइट नावाच्या कोड्याच्या खेळात सामान्य खेळाडूंनी एका प्रथिनाची रचना शोधायला मदत केली, ते २०११ चं. यावर बोलत बसले तर जेवण थंड होईल.

आपल्यापैकी एकानं मला सुचवलं, "आष्टीच्या बेचाळीसवर गेम कर ना, पोरांना इतिहास कळेल." मी खूप विचार केला आणि नाही म्हटलं. १६ ऑगस्ट १९४२ ला ठाण्यासमोर गोळीबारात जे पडले ते पडलेच. गेममध्ये मेलेला बटण दाबलं की उठतो. आणि त्या दिवसात गुण कशाला देणार? मोर्चात पुढे जाण्याला? मग मागे राहिलेल्या माणसाच्या घरी काय चाललं होतं ते कुठे मांडायचं? एखादी मुलगी यावर चांगला मार्ग काढेलही, गुणांशिवायचा, जिंकण्या-हरण्याशिवायचा. मला तो सापडलेला नाही.

ज्यांची मुलं बारावीला आहेत त्यांनी मला काल रात्री घेरलं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. आयआयटीमधल्या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो. पदवीनंतर सीड आहे. अहमदाबादच्या एनआयडीच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. खर्च कमी नाही आणि नोकऱ्याही मोजक्या, हे लपवत नाही. त्याआधी स्क्रॅच आणि गोडो ही दोन्ही साधनं फुकट आहेत, शाळेच्या कॉम्प्युटरवर चालतील. खेळणारा मुलगा आणि खेळ करणारा मुलगा यांतला फरक घरात पंधरा दिवसांत दिसतो. करणारा चिडतो, खोडतो, पुन्हा करतो, आणि धाकट्या बहिणीला "खेळून बघ ना" म्हणत मागे लागतो.

तो पाच शेतकऱ्यांचा खेळ मी पुठ्ठ्यावर करून आणला आहे. आपल्याकडची पिकं घातली आहेत: तूर आणि संत्रा. पाण्याच्या जागी निळी बटणं आहेत. जेवणानंतर आठवीच्या वर्गात मांडते. पाच जण लागतील. तीन नावं आली आहेत. भूगोलाच्या सरांनी बसावं अशी विनंती आहे, आणि ज्यांच्या शेतात यंदा नवी बोअर झाली त्यांच्यापैकी एकानं.