वापरलेल्या पाण्याचा हिशेब
(पन्हाळा येथील विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या गडावर अंधारबाव आहे, सोमेश्वर तलाव आहे. वेढ्यात पाणी म्हणजेच प्राण, हे बांधणाऱ्यांनी ओळखले होते. गडाखालच्या मुलखातून कासारी वाहते आणि प्रयाग चिखलीच्या संगमातून पंचगंगा होते. पुढे शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात मिसळते. वरच्याने सोडले ते खालच्याच्या घागरीत येते. म्हणून आज आम्ही पाणी शुद्ध करण्याच्या उद्योगात पडलेल्या एका कुटुंबाची हकिकत सांगणार आहोत.

ए. एस. भाथेना यांनी १९६६ साली बेल्जियमच्या कंपनीच्या सहकार्याने 'वॉन्सन इंडिया' सुरू केली. काम बॉयलरचे. घरच्या बंबात क्षाराचा पांढरा थर बसतो, तसाच बॉयलरच्या नळ्यांतही बसतो. इंधन वाया जाते, नळ्या फुटतात. म्हणून आधी पाणी रेझिनच्या बारीक मण्यांतून सोडतात. मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम देतात. मिठाच्या पाण्याने धुतले की मणी पुन्हा कामाला येतात. पण मित्रहो, ते धुवण सोडायचे कुठे, हा प्रश्न उरतोच!

भाथेनांचे जावई रोहिंटन आगा यांनी उद्योग वाढविला. १९८० साली त्याचे नाव 'थरमॅक्स' झाले. बॉयलरच्या जोडीला पाणीशुद्धी व प्रदूषण नियंत्रणाची कामे आली. १९९६ साली रोहिंटन वारले आणि समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या त्यांच्या पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी तरुण मुलगा अपघातात गेला. त्या दुःखात विपश्यनेने आधार दिला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

त्यातच कंपनीला उतरती कळा लागली. एका भागधारकाचे निनावी पत्र आले. तुम्ही आम्हाला निराश केलेत, असा त्याचा आशय होता. अनुताईंनी ते पत्र मनाला लावून घेतले. कुटुंबातील माणसे रोजच्या कारभारातून दूर झाली, कारभार व्यावसायिकांकडे गेला आणि कंपनी सावरली. २००४ साली रसायन अभियंता असलेल्या कन्या मेहेर पदमजी अध्यक्ष झाल्या.

आम्हाला यातून एकच गोष्ट सांगावयाची आहे. बॉयलर बिघडला तर मालकाला लगेच कळते. भागधारक दुखावला तर तो पत्र लिहितो. नदी मात्र पत्र लिहीत नाही. तिच्या वतीने विचारणारा माणूस लागतो. पाणी प्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ साली झाला. पण कायदा राबविण्यास जाणकार हात हवेत. विद्यार्थी मित्रहो, रसायनशास्त्र मन लावून शिका. उद्या कारखान्यात नोकरी लागली, तर पगाराबरोबर हेही विचारा: येथले वापरलेले पाणी जाते कुठे?