रेघ सपाट का झाली?

आजचा भाग रत्नागिरीहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय आहे बर्नडाउन चार्ट. आडव्या रेषेवर स्प्रिंटचे दिवस, उभ्या रेषेवर शिल्लक काम. काम संपत जाईल तशी रेघ खाली उतरते, शेवटच्या दिवशी शून्याला टेकायला हवी. बस, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. दहा दिवसांचा स्प्रिंट, 40 पॉइंट. सहावा दिवस संपला तरी 28 शिल्लक! एका पेमेंटच्या टास्कमध्ये मी तीन दिवस अडकलो होतो. उद्या स्टँडअपला सगळ्यांना ती सपाट रेघ दिसणार, म्हणून टेस्टिंग बाकी असलेले 8 पॉइंट मी गुपचूप 'डन'मध्ये ढकलले. रेघ झकास खाली आली. नवव्या दिवशी बग निघाले आणि टेस्टिंगवाली ज्युनियर मुलगी दोन रात्री जागली. तिला सॉरी म्हणायचं राहूनच गेलं होतं. हा भाग करायचा ठरला तेव्हा कुठे फोन केला.

मुळात सपाट रेघ म्हणजे टीम आळशी, असं थोडंच आहे? आपली कोकण रेल्वेच बघा. 1990 साली महामंडळ स्थापन झालं, प्रमुख ई. श्रीधरन. रोहा ते ठोकूर, साधारण 740 किलोमीटर. 1996 मध्ये रत्नागिरीपर्यंत गाडी आली, पण सगळा मार्ग खुला व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला. आपल्या इथला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तरी तो झाला. अडलं कुठे, तर गोव्यात पेडण्याला, त्याहून कितीतरी छोट्या बोगद्यात. तिथली माती मऊ, पाण्याने भिजलेली, खोदली की ढासळायची. किलोमीटर मोजून चार्ट काढला असता तर शिल्लक जवळजवळ शून्य दिसलं असतं. पण गाडी आरपार जात नव्हती ना!

आमच्या पेमेंट टास्कला आम्ही 5 पॉइंट दिले होते. ते आमचं पेडणे होतं.

हल्ली रेघ दोन दिवस हलली नाही की मी चार्टखाली एक ओळ लिहितो: काय अडलंय, कोणाची मदत हवी. आणि मध्येच नवीन काम घुसलं तर रेघ वर जाऊ देतो. मॅनेजर विचारतो, मग मी त्या कामाचं नाव सांगतो. पहिल्यांदा सांगताना घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू!

चला, लाईट जायच्या आत अपलोड करतो.