समोर कोणी बसलेलं असताना



सॉफ्टवेअरच्या नोकरीचा विषय निघाला की आधी पॅकेजचे आकडे निघतात. आज ते बाजूला ठेवू. हिंजवडीत, खराडीत मुलाखत देऊन परतलेल्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : "येत होतं हो, पण ते समोर बघत बसले आणि काही सुचेचना." घरी आल्यावर तोच प्रोग्रॅम सहज लिहून होतो. पालकांना ही सबब वाटते. ती सबब नाही.

2020 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांना कोडिंगचा प्रश्न फळ्यावर सोडवायला दिला. काहींच्या शेजारी परीक्षक उभा होता. डोक्यात काय चाललंय ते त्याला सांगत सांगत उत्तर लिहायचं. बाकीच्यांना खोलीत एकटं सोडलं. कोणीतरी पाहतंय एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकासमोर एकाही मुलीला प्रश्न सुटला नाही. एकांतात मात्र सगळ्या मुलींना सुटला. संख्या लहान आहे, त्यावरून स्त्री-पुरुषांबद्दल मोठं विधान करू नये. पण मुलाखत बुद्धी मोजते की धीर, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही.

आपल्याकडे यात भाषेची भर पडते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी लातूरहून किंवा जळगावहून इंजिनिअर होऊन येते. तिचा विचार मराठीत चालतो, कोड तिला नीट येतो, आणि मुलाखतीत तो विचार उच्चारायचा इंग्रजीत! लूप कुठे थांबवायचा हे ठरवताना क्रियापदाचं रूपही सांभाळायचं. ती गप्प होते. त्या गप्प बसण्याची नोंद 'कम्युनिकेशन कमी' अशी होते. मला याचा राग येतो, कारण त्या क्षणी ती सगळ्यात जास्त विचार करत असते.

प्रत्यक्ष नोकरीत असं कोणी डोक्याशी उभं राहत नाही. माणूस जुना कोड वाचतो, शोधतो, शेजाऱ्याला विचारतो, दुसऱ्या दिवशी चूक सापडते. मॅक संगणकांवर असंख्य प्रोग्रॅमर रोज वापरतात ते 'होमब्रू' लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना गूगलने नाकारलं होतं. फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून, असं त्यांनी 2015 मध्ये जाहीरपणे लिहिलं. त्याआधी, 2013 मध्ये, गूगलच्याच मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी सांगितलं होतं की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशा कोड्यांवरून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. ती कोडी गेली, पण फळा राहिला.

आता कंपन्यांची अडचण. घरून दिलेल्या ऑनलाइन परीक्षेत उत्तर उमेदवाराचं की एआयचं, हे ओळखणं कठीण झालंय, म्हणून पुन्हा समोरासमोर बोलावणं वाढतंय. ही काळजी रास्त आहे. पण नक्कल रोखायला माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बसावं लागत नाही.

या सभागृहात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारेही अनेक जण असतील. त्यांना माझी विनंती आहे. उमेदवाराला ऑफिसात बोलवा, फोन बाहेर ठेवायला सांगा, इंटरनेट नसलेला संगणक द्या, प्रश्न समजावा आणि खोलीतून बाहेर पडा. अर्ध्या तासाने परत या आणि त्याने जे लिहिलंय त्यावरच बोला : ही अट का घातलीस, यादी रिकामी आली तर काय होईल, हे आणखी वेगाने होईल का? उत्तर मराठीत आलं तर मराठीतच पुढचा प्रश्न विचारा. आणि निवड झाली नाही, तर 'कळवू' म्हटल्याप्रमाणे खरोखर कळवा. कुठे कमी पडलं ते दोन ओळींत लिहा.