अब्जाव्या सेकंदाचं घड्याळ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू नेमकं काय करतोस ते दहा मिनिटांत सांग," असं संयोजकांनी फर्मावलं आहे. माझ्या घरच्यांनाही ते अजून पुरतं कळलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. कणत्वरकांवरच्या प्रयोगांसाठी प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या घडवणं आणि तपासणं हे माझं काम. या पट्ट्या म्हणजे विद्युतभारित कणांचं स्टॉपवॉच.

हे प्लॅस्टिक काचेसारखं स्वच्छ दिसतं. मूळ द्रव्य पॉलिस्टायरीन किंवा पॉलिव्हिनिल टोल्युइन, आणि त्यात चमकणारी द्रव्यं थोडी मिसळलेली. भारित कण आरपार गेला की आत निळसर चमक उठते आणि काही नॅनोसेकंदांत विझते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश हवेत 30 सेंटिमीटर जातो, आपल्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्यांएवढा. पट्टीच्या टोकाला बसवलेला प्रकाशग्राहक त्या चमकेचा विजेचा ठोका करतो. याला सिंटिलेटर म्हणतात.

वेळ कशासाठी मोजायची? चुंबकाने सारख्या संवेगाचे कण निवडता येतात, पण ते कोणते हे चुंबक सांगत नाही. संवेग सारखा असेल तर जड कण हळू धावतो. 1 जीईव्ही संवेगाचे कण 3 मीटर धावले तर पायॉनला 10.1, केऑनला 11.2 आणि प्रोटॉनला 13.7 नॅनोसेकंद लागतात. सुरुवातीला एक पट्टी, शेवटी एक पट्टी. क्रीडादिनाची शर्यतच म्हणा.

1955 मध्ये बर्कलीच्या बेव्हाट्रॉनवर प्रतिप्रोटॉन सापडला तो अशाच शर्यतीत. दोन सिंटिलेटरांमध्ये 40 फुटांचं अंतर होतं. पायॉनला 40 नॅनोसेकंद, प्रतिप्रोटॉनला 51. एका प्रतिप्रोटॉनमागे पायॉन होते हजारोंच्या संख्येने, आणि योगायोगाने मागेपुढे आलेले दोन पायॉन सहज फसवू शकले असते. म्हणून जोडीला वेग ओळखणारे दुसरे शोधकही लावले होते. या शोधासाठी सेग्रे आणि चेंबरलेन यांना 1959 चं नोबेल मिळालं.

आता पातळ का, ते सांगतो. पट्टी जाड असेल तर कण आत ऊर्जा गमावतो, वाकडा होतो आणि पुढची मापं बिघडतात. पातळ केली तर प्रकाश कमी. वेगवान कण 1 सेंटिमीटर प्लॅस्टिकमध्ये साधारण 20,000 प्रकाशकण निर्माण करतो; 1 मिलिमीटरमध्ये दोनेक हजार, आणि त्यातले थोडेच टोकापर्यंत पोहोचतात. प्रकाश जितका कमी, तितकी वेळ डळमळीत. आमचा सगळा झगडा या दोन टोकांमधला आहे. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या मेग-2 प्रयोगात यावर छान तोड काढली आहे. 5 मिलिमीटर जाडीच्या 512 छोट्या फरश्या अशा मांडल्या की एक पॉझिट्रॉन अनेक फरश्यांतून जातो. सगळ्यांच्या वेळांची सरासरी काढली की चूक सुमारे 40 पिकोसेकंदांवर येते. तेवढ्या वेळात प्रकाश हवेत जेमतेम 12 मिलिमीटर सरकतो!

हे ऐकून वाटेल, सगळं संगणकाचं काम. तसं नाही. प्रकाश पट्टीच्या आतल्या बाजूंवर आपटत टोकाला जातो, म्हणून कडा आरशासारख्या घासाव्या लागतात. उघड्या बोटांनी धरलं तर बोटांच्या तेलाने पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. वरचं चकचकीत वेष्टण घट्ट चिकटवायचं नाही, मध्ये हवेचा पदर हवा. नाहीतर परावर्तन बिघडतं. मग काळा कागद, काळी टेप, आणि अंधार करून प्रकाश कुठून झिरपतो याचा शोध. वह्यांना खाकी कव्हर घालताना कोपरे नीट दुमडणारी जी मुलं-मुली आपल्या वर्गात होती, त्यांना मी आज डोळे झाकून कामावर घेईन. त्यांतल्या कित्येकांना गणितात काठावर मार्क पडत. हाताच्या कसबाला गुणपत्रिकेत जागाच नव्हती.

म्हणून एक विनंती. आपल्या निधीतून कार्यानुभवाच्या खोलीचा डिजिटल कक्ष करायचा विचार चालू आहे. डिजिटल कक्ष जरूर करा, पण कानस, करवत आणि शेगडा असलेलं ते लांब टेबल काढू नका. त्याच्यासाठी दुसरी खोली लागली तर तिचा खर्च माझ्याकडे लावा.

आणि त्या टेबलावर ठेवायला दोन सिंटिलेटर पट्ट्या मी देतो, लागणाऱ्या उपकरणांसकट. त्वरकाची गरज नाही. वैश्विक किरणांमुळे तयार झालेले म्यूऑन आकाशातून अखंड येतच असतात. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक. आत्ता या मांडवात बसलेल्या आपल्या सगळ्यांतून ते जात आहेत. नववीच्या मुलांनी पट्ट्या स्वतः घासाव्यात, गुंडाळाव्यात, एक जिन्याच्या वर आणि एक खाली ठेवावी, आणि त्या कणांचा वेग स्वतः काढावा. उत्तर प्रकाशाच्या वेगाजवळ आलं तर ठीक; नाही आलं तर टेप सोडून पुन्हा गुंडाळावं. सरांनी आठवड्याला दोन तास द्यावेत, एवढंच मागणं आहे.