कुसळ काढायचे, तर हात हलका हवा

छत्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. शिक्षण मिशनच्या रुग्णालयात झाले, आणि नोकरीचा बराचसा काळ तालुक्याच्या गावी गेला. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. सकाळी उठायचे ते कशासाठी? ड्यूटी नाही, बेल नाही, कुणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारत नाही. रविवारी चर्चला जावे, बाकीचे सहा दिवस खिडकीत बसून कोण किती वाजता घरी येते, कुणाची सून कशी बोलते, हे पाहत राहावे. माझे तसेच होऊ लागले होते. त्या दिवसांत मला एक जुनी गोष्ट आठवली. ती माझ्या चुकीची आहे, आणि आज ती तुम्हाला सांगणार आहे.

नोकरीला दहा-बारा वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. रात्री उशिरा जीपमधून एका तरुण बाईला आणले. शेतातले औषध घेतलेले. ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला हे दृश्य नवे नाही. डॉक्टर आले, पोट धुतले, इंजेक्शने सुरू झाली. माझे हात काम करत होते आणि तोंडही. ‘दोन लेकरं टाकून निघाली होतीस? लाज नाही वाटली? देवानं दिलेला जीव असा फेकून द्यायचा असतो?’ असे बरेच काही मी बोलले. हे आपले कर्तव्यच आहे, असे मला वाटत होते.

पहाटेपर्यंत ती धोक्याबाहेर आली. सकाळी पोलीस जबाब घ्यायला आले. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा होता. म्हणजे शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा भेटले कोण, तर तिचा निवाडा करणारी माणसे. आधी मी आणि मग पोलीस. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

आमच्या वॉर्डात एक आयामावशी होत्या. अक्षरओळख नव्हती; पगाराच्या कागदावर अंगठा उठवायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरून खोबरेल तेलाची बाटली आणि फणी घेऊन आल्या. त्या बाईच्या उशाशी बसल्या आणि गुंता झालेले तिचे केस सोडवू लागल्या. काही विचारले नाही, काही समजावले नाही. तेल लावले, वेणी घातली आणि उठून गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी औषधाचा ट्रे घेऊन गेले, तेव्हा दोघी हलक्या आवाजात बोलत होत्या. मला पाहताच गप्प झाल्या.

संध्याकाळी मी मावशींना विचारले, ‘काय म्हणत होती? का केलं तिनं असं?’

मावशी म्हणाल्या, ‘तिनं मला सांगितलंय सिस्टर, तुम्हाला नाही.’

मावशींनी ते शेवटपर्यंत सांगितले नाही. त्या बाईने तसे का केले, हे मला आजही ठाऊक नाही. आणि आता वाटते, ते ठाऊक नाही हेच बरे. नाहीतर मी म्हणाले असते, ‘अरेरे, असं होतं होय! मग बिचारीची चूक नव्हती.’ म्हणजे पुन्हा निवाडाच, फक्त निकाल वेगळा. मावशींनी वेणी घातली ती चौकशी पूर्ण झाल्यावर नव्हे. दयेला आधी चौकशी लागत नाही, हे मला बायबल हाती धरून कळले नव्हते. ते मावशींच्या फणीने कळवले.

त्या रविवारी चर्चमध्ये बसले, पण मन लागेना. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही म्हण आपण सगळेच वापरतो. मराठी शुभवर्तमानात प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनात हेच दोन शब्द आहेत. मी तो भाग लहानपणापासून ऐकलेला. पण आपण बहुतेक वेळा तो अर्ध्यावर सोडतो. कुसळ तसेच राहू द्या, असे येशू म्हणत नाही. आधी आपले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यापुरते तुला स्पष्ट दिसेल, असा त्याचा रोख आहे.

आता हे मी परिचारिका म्हणून सांगते. सुगीच्या दिवसांत मळणीचे कुसळ डोळ्यात गेलेली माणसे आमच्याकडे यायची. ते काढायचे कसे? आधी आपले हात स्वच्छ धुवायचे. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे. त्याला डोळा चोळू द्यायचा नाही. पापणी अलगद उलटवायची आणि स्वच्छ पाण्याच्या धारेने किंवा ओल्या कापसाच्या बोळ्याने कण टिपायचा. बुबुळात रुतलेला असेल, तर हात न लावता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. सगळ्या शरीरात डोळ्याइतकी नाजूक जागा नाही. तिथे ओरडून आणि बोट खुपसून काही निघत नाही. दुसऱ्याची चूक दाखवणे हे डोळ्यातले कुसळ काढण्यासारखेच काम आहे. मी ते त्या रात्री मुसळाने करायला गेले होते.

माझे मुसळ कोणते, हेही सांगायला हवे. माझ्या धाकट्या बहिणीने मंडळीबाहेर लग्न केले होते. सहा महिने मी तिच्याशी बोलले नव्हते. ‘देवानं दिलेला जीव’ वगैरे मी त्या बाईला ऐकवत होते, तेव्हा माझी सख्खी बहीण माझ्या लेखी मेल्यातच जमा होती. त्या रविवारी दुपारी मी तिला आंतर्देशीय पत्र लिहिले. त्यात उपदेश नव्हता, फक्त ‘कशी आहेस?’ असे विचारले होते. उत्तर यायला दोन महिने लागले. आज आमचे येणे-जाणे आहे. पण ते सहा महिने जुन्या टाक्यांच्या व्रणासारखे अजून हाताला लागतात. जखम भरते, व्रण राहतो.

ज्या ग्रीक भाषेत शुभवर्तमाने लिहिली गेली, तिच्यात येशूच्या कळवळ्यासाठी जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याचा संबंध आतड्यांशी आहे. हे मला एका पाळकांनी सांगितले, तेव्हा मी हसले. म्हटले, हे तर आपले मराठीच झाले! आपणही म्हणतो, लेकरासाठी आतडे तुटते. करुणा डोक्यात सुरू होत नाही. ती पोटातून येते आणि हातापायांत उतरते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांना माहीत असेल. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमले नाही. तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅम येथे नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा तिथे चालत असे. रमाबाईंनी विचारले, या स्त्रियांविषयी तुम्हाला इतका कळवळा कसा? तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली ती स्त्री. तिचे सारे आयुष्य येशूला माहीत होते, आणि तरीही त्याने आधी काय केले, तर तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात खोल रुजली. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आल्या, अंध स्त्रिया आल्या; आणि ज्यांना कुणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्यासाठी ‘कृपासदन’ उभे राहिले. नाव पाहा, सुधारगृह नव्हे, कृपासदन.

कुणी म्हणेल, मग चुकीला चूक म्हणायचेच नाही का? म्हणायचे. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याकडे करुणेने पाहत बसायचे नसते. आधी त्या बाईला सोडवायचे आणि गरज पडली तर पोलिसांना बोलवायचे. कृत्याला वाईट म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्या माणसाचे आता काहीच होणार नाही, असा निकाल देऊन वही मिटण्याचा अधिकार मात्र आपला नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूने दगडांपासून वाचवले, आणि पुन्हा पाप करू नकोस असेही सांगितले. पण क्रम लक्षात घ्या. आधी दगड खाली पडले, मग तो तिच्याशी बोलला.

कायदाही त्या दिशेने सरकला. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली संमत झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावे, तिला शिक्षा नव्हे तर आधार द्यावा, असे त्याने सांगितले. जुन्या दंडसंहितेतले 309 हे कलम भारतीय न्याय संहितेत नाही. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. कागदावरची शिक्षा गेली. आपल्या जिभेवरची अजून जायची आहे. तुमच्या ओळखीत कुणी अशा अंधारात असेल, तर त्याच्याजवळ बसा, आणि 14416 हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक त्याच्या हाती द्या. हवे तर फोन तुम्हीच लावून द्या.

आता माझ्या सकाळच्या प्रश्नाकडे येते. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण ऐकतो, पण त्याने आपला प्रवास सोडला नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उताराशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे दिले आणि पुढे गेला. परत येताना बाकीचे देईन, असेही सांगून गेला. सारे आयुष्य वाहून टाकायला कुणी सांगत नाही. वाटेत जो पडलेला दिसेल, त्याच्यासाठी थांबायचे, एवढेच.

आठवड्यातून दोन दिवस मी जवळच्या रुग्णालयात जाते. ज्यांच्याजवळ नातेवाईक नाहीत, अशा बायकांपाशी बसते. पिशवीत तेलाची बाटली आणि फणी असते. ‘इथे कशा आलात?’ हे मी विचारत नाही. त्यांना सांगायचे असले, तर वेणी होईपर्यंत त्या आपणहून सांगतात. नाही सांगितले, तरी वेणी होतेच.

मावशी आता नाहीत. त्यांना ‘धन्यवाद’ म्हणायचे राहून गेले. म्हणून आज तुम्हा सर्वांसमक्ष म्हणते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)