भाकरीसोबत लिंबू, चहा मागाहून

ताटात बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी असूनही घरच्या बाईला धाप का लागते? एक कारण जेवणावरच्या चहात आहे. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. चहा तासाभराने घ्यावा. जेवताना मात्र लिंबाची फोड पिळावी. त्यातील 'क' जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. लिंबू भाजी उतरवल्यावरच पिळावे. चवही खुलते. सोबत मोड आलेली मटकी असावी. भाकरीतील प्रथिनांची उणीव ती भरून काढते. लोहयुक्त बाजरीचा 'धनशक्ती' हा वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आहे. धाप वारंवार लागल्यास आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. आणि शेवटी जेवणारीची उसळ आधीच वेगळी काढून ठेवावी. तळाच्या रश्श्यात मटकी सापडत नाही.