फ्यूज उडतो तेव्हा

मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. विजेशी माझा संबंध दिव्याचे बटण दाबण्यापुरता. मग ट्रॅक्टरच्या फ्यूजविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आपण विचाराल. तो अधिकार मला माझ्याच एका चुकीने मिळाला. ती चूकच आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे गाव कन्हानच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. रोवणीचे दिवस होते. पऱ्हे तयार, बांधीत पाणी भरलेले आणि चिखलणीला एकच ट्रॅक्टर. दिवसाचे काम संपेना, म्हणून चुलतभावाने रात्रीही ट्रॅक्टर चालवायचे ठरवले. दिवे लावले की पाच मिनिटांत फ्यूज उडे. दुसरा घातला, तोही गेला. तिसरा घातला, त्याचीही तीच गत. भाऊ म्हणाला, "दादा, आता फ्यूज संपले. काय करू?"

मी शिकलेला माणूस! मोठ्या ऐटीत सांगितले, "तांब्याची तार पिळून बसव. रात्र तर निघू दे."

तार बसवली. दिवे लागले. मला फार समाधान वाटले. अर्ध्या तासाने डॅशबोर्डाखालून धूर निघू लागला. भावाने चटकन इंजिन बंद केले आणि बॅटरीची तार ओढून काढली, म्हणून निभावले. डिझेलची नळी तिथून वीतभर अंतरावर होती. आग लागली नाही, पण वायरिंग जळले आणि रोवणी चार दिवस खोळंबली.

दुसऱ्या दिवशी कन्हानहून मिस्त्री आले. जळलेल्या तारा पाहून ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, फ्यूज म्हणजे चौकीदार हाय जी. चोर आला म्हणून थो बोंबलला, अन् तुमी त्याचंच तोंड बांधलं!"

मंडळी, सारे शास्त्र या एका वाक्यात आले. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा आहे. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला, की त्यातील बारीक पट्टी तापून वितळते आणि मार्ग तुटतो. तारेत उष्णता किती निर्माण होते, याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 साली मांडला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून कोणी तरी आधी तुटणे भाग असते. फ्यूज तुटला नाही, तर तार जळते.

आता थोडा हिशेब करू. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची. पुढचे दोन दिवे 55 वॅटचे धरले, तर दोन्ही मिळून 110 वॅट. 110 ला 12 ने भागा. सव्वानऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. त्याला 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. पण मागे आणखी एक 55 वॅटचा दिवा त्याच तारेवर जोडला, की आकडा पावणेचौदावर जातो. वर गाण्याचा डबा जोडलात, की फ्यूज काठोकाठ भरला. आमच्या ट्रॅक्टरवर नेमके हेच केलेले होते. अशा वेळी मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. वाढीव दिव्याला वेगळी तार आणि वेगळा फ्यूज द्यावा. हल्लीच्या चपट्या फ्यूजवर आकडा छापलेला असतो आणि रंगही ठरलेला असतो. 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. जो आकडा निघाला, तोच परत बसवावा.

पण आमचे खरे दुखणे दुसरेच होते. ते मिस्त्रींनी कसे शोधले, ते लक्षपूर्वक ऐका. दिव्यांचे बल्ब त्यांनी काढून ठेवले. तो गाण्याचा डबाही सोडवला. फ्यूजच्या जागी 12 व्होल्टचा एक लहान बल्ब दोन तारांनी जोडला आणि दिव्यांचे बटण चालू केले. आता वीज खाणारे काहीच उरले नव्हते, तरी तो बल्ब लखलखला! याचा अर्थ, तार कुठे तरी उघडी पडून ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकली आहे. मग ते तारांचा जुडगा वीतवीत हलवीत गेले. मडगार्डाच्या कडेपाशी हात येताच बल्ब विझला. तिथे पत्र्याने घासून तारेचे आवरण गेले होते. ट्रॅक्टर हादरला की तार टेके आणि फ्यूज उडे. मिस्त्रींनी तार बदलली, पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवले आणि जुडगा घट्ट बांधला. गेलेली तार दहा बोटे लांब होती, आणि तेवढ्यासाठी आम्ही सारे वायरिंग जाळले होते.

फ्यूज शाबूत आहे, तरी स्टार्टर नुसता टकटक करतो, असेही होते. तेव्हा बॅटरीची टोके पाहावी. पांढरा-हिरवट थर साचला असेल तर साफ करून टोके आवळावी. काम करताना ऋण टोकाची तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. बॅटरीपाशी विडी मुळीच पेटवू नये. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. शेडमध्ये उंदीर असतील तर तारांवर नजर ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. टॉर्चचे चार सेल आणि तलम लोखंडी लोकरीचा एक धागा घेऊन, पत्र्याच्या ताटात, आपल्या हाताने हा प्रयोग मुलांना दाखवा. धागा क्षणात लाल होऊन तुटतो. ज्या मुलाने तो पाहिला, तो उद्या फ्यूजच्या जागी तार पिळणार नाही.

आमच्या ट्रॅक्टरच्या पेटीत आता दोन जादा फ्यूज आणि तो लहान बल्ब कायम असतो. तांब्याची तार मात्र भावाने फेकून दिली. मला न विचारता फेकली, हे बरे केले.